शंभर माणसे, चार महिने

वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेत परिपाठाच्या वेळी मुले रोज वर्तमानपत्रातल्या दोन-तीन बातम्या वाचून दाखवतात. एकदा आम्ही तिथे असताना सातवीतल्या एका मुलीने एक बातमी वाचली. परदेशातल्या एका बड्या संगणक कंपनीच्या मालकाला तिथल्या संसदेच्या समितीपुढे बसून प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली, अशी ती बातमी होती. वाचन संपते न संपते तोच मागच्या रांगेतून आवाज आला, "काही होत नाही त्याले!" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "एवढा पैसा असल्यावर कायदा काय करते?" तिसऱ्याचे म्हणणे आणखी पुढचे होते, "हे सारं राजकारण असते. ज्याईनं बोलावलं त्याईचाबी काही फायदा असन."

गुरुजींनी आमच्याकडे पाहिले. आम्हालाही चटकन उत्तर सुचले नाही. कारण ही तिन्ही वाक्ये आपण मोठी माणसेही पारावर, एस. टी. स्टँडवर आणि शिक्षकांच्या खोलीत रोज बोलतो. पण परतीच्या वाटेवर हिंगणघाटच्या बाजूला कापसाने भरलेल्या गाड्या जिनिंगच्या दारात उभ्या दिसल्या आणि लक्षात आले, की याच जिल्ह्याच्या इतिहासात या तीन वाक्यांची परीक्षा एकदा होऊन गेली आहे. तेव्हाचे नवे तंत्र संगणकाचे नव्हते, वाफेचे होते. मालकही त्या यंत्राचे होते. बातम्याही होत्या, वाचकही होते, आणि कायद्याने मालकाला जाब विचारावा की नाही हा वादही होता. ती हकिकत इथे थोडक्यात सांगतो.

वाफेचा रेचा

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढला गेला. त्याचे मुख्य ठाणे म्हणून पालकवाडी या खेड्याच्या जागी १८६६ साली वर्धा शहर आखून वसवण्यात आले. ही वर्षे कापसाच्या तेजीची होती. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले आणि तिथला कापूस इंग्लंडातल्या गिरण्यांना मिळेनासा झाला. गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. हिंगणघाटचा कापूस त्याच्या लांब धाग्यामुळे आधीच नावाजलेला होता. लिव्हरपूलच्या बाजारात तो 'हिंगणघाट' याच नावाने ओळखला जाई. मध्य प्रांतासाठी खास कापूस कमिशनर नेमला गेला. रिव्हेट-कार्नॅक हे त्याचे नाव. वर्धा जिल्ह्याच्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचा अहवालही त्यानेच लिहिलेला आहे. १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे पुलगाव, वर्धा करत नागपूरला पोचली.

तोपर्यंत कापसातली सरकी काढण्याचे काम घरोघर होत असे. दोन रुळांचा लहानसा लाकडी रेचा किंवा चरकी हे त्याचे साधन. रुळ एकमेकांवर उलट दिशांनी फिरतात, त्यांच्या फटीतून तंतू पलीकडे जातो आणि सरकी जाडीमुळे अलीकडेच राहते. तत्त्व साधे आणि काम सावकाशीचे. पण साधन घरचे, वेळ आपली, आणि निघालेली सरकीही आपल्याच घरात. तीच पुढच्या वर्षी बियाणे म्हणून पेरायची.

अमेरिकेत एली व्हिटनीने १७९३ साली करवतीच्या दातांचा रेचा बनवला होता. तो झपाट्याने काम करी, पण तंतू तोडीही. १८४० साली मॅकार्थी याने वेगळी रचना केली. तिच्यात चामडे लावलेला एक मोठा रुळ तंतूंना ओढत नेतो. रुळाला चिकटून एक पाते स्थिर असते, ते सरकीला पुढे जाऊ देत नाही. दुसरे पाते खाली-वर हलत सरकीला ठोकर देऊन तंतूपासून सुटी करते. आपल्याकडच्या कापसाला ही रचना मानवली. असे वीस, तीस, चाळीस रेचे एका लांबट पडवीत ओळीने बसवायचे, वाफेच्या एंजिनाच्या एकाच दांड्यावरून पट्ट्यांनी ते फिरवायचे आणि प्रत्येकापाशी कापूस टाकायला एक बाई बसवायची, की झाले जिनिंग. शेजारी दाबयंत्र. मोकळ्या रुईची गाठ दाबून ३९२ पौंडांची केली की ती रेल्वेच्या वाघिणीत आणि आगबोटीत कमी जागेत मावते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी, वर्धा अशा सर्व ठिकाणी जिनिंगची धुराडी उभी राहिली. हिंगणघाट आणि पुलगावला कापडाच्या गिरण्याही निघाल्या. शेतकऱ्याच्या घरातले काम दुसऱ्याच्या छपराखाली गेले. एक बारीक पण दूरगामी परिणाम असा झाला, की निरनिराळ्या शेतांतला कापूस एकाच जिनात जाऊ लागल्याने सरकीची सरमिसळ झाली. ज्याच्यासाठी हिंगणघाट नावाजले होते त्या 'बणी' जातीचे शुद्ध बियाणे राखणे कठीण झाले आणि रुई जास्त देणाऱ्या जाड्याभरड्या जातींनी तिची जागा घेतली. यंत्राचा परिणाम यंत्रापाशीच थांबत नाही, याचे हे एक उदाहरण.

आधी गाठीचा कायदा

या धंद्यात कायदा आधी कोणासाठी आला? मुंबई इलाख्यात १८६३ साली कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा झाला. कापसात सरकी, माती, पाणी मिसळून वजन वाढवणे हा गुन्हा ठरला आणि तपासणीसाठी अधिकारी नेमले गेले. लिव्हरपूलच्या खरेदीदाराची तक्रार होती आणि ती सरकारच्या कानापर्यंत पोचली होती.

त्या गाठीतला कापूस रेच्यावर टाकणाऱ्या माणसासाठी पहिला कायदा झाला तो १८८१ साली. मध्ये अठरा वर्षे गेली. गाठीला दाद आधी मिळाली आणि माणसाला नंतर, एवढे इथे नोंदवून ठेवू.

१८८१ चा कारखान्यांचा कायदा आज वाचला तर आश्चर्य वाटते. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये, धोक्याच्या यंत्राला कुंपण असावे, इतकेच त्यात होते. मोठ्या बायका-पुरुषांच्या तासांबद्दल एक अक्षरही नव्हते. आणि मुख्य गोष्ट होती ती व्याख्येत. कारखाना कशाला म्हणायचे? जिथे यंत्रशक्ती वापरली जाते, जिथे शंभर किंवा अधिक माणसे काम करतात आणि जिथे वर्षातून चार महिन्यांहून अधिक काम चालते, त्याला.

आता ही व्याख्या वर्ध्याच्या जिनिंगला लावून पाहा. कापसाची वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते, आवक पौष-माघात भर धरते आणि फाल्गुनानंतर ओसरते. जिनाचा हंगाम आखडता घेतला की तो चार महिन्यांत बसवता येतो. समजा एका जिनात चाळीस रेचे आहेत. चाळीस बाया रेच्यावर, पंधरा-वीस माणसे कापूस वाहायला, काही एंजिनापाशी. बेरीज शंभराच्या आतच. म्हणजे वाफेचे एंजिन आहे, फिरते पट्टे आहेत, बारा-चौदा तास काम आहे, लहान मुले आहेत, फक्त तो 'कारखाना' नाही!

चाळणीची छिद्रे केवढी ठेवायची हे चाळणी करणारा ठरवतो. शंभर आणि चार हे दोन आकडे तशी छिद्रे होती. मुंबईची मोठी गिरणी त्यात अडकली, गावोगावची जिने खाली निसटली.

बातमी आणि वाचक

हा कायदा मुळात निघाला कसा, याची बातमी त्या वेळच्या वाचकाने वाचली तेव्हा त्याला काय वाटले असेल? १८७५ साली लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी इंग्लंडच्या उमराव सभेत हिंदुस्थानातल्या गिरणी कामगारांचा प्रश्न मांडला. त्याच वर्षी मुंबईत एक आयोग बसला. त्यात गिरणीमालकांचे प्राबल्य होते आणि बहुसंख्य सदस्यांना कायद्याची गरज वाटली नाही. याच मुंबईतले एक कार्यकर्ते सोराबजी शापुरजी बेंगाली यांना मात्र ती वाटत होती. १८७८ साली त्यांनी स्वतः विधेयकाचा मसुदा केला. पण लोकांच्या डोळ्यांसमोर बेंगाली नव्हते, मँचेस्टर होते. मुंबईच्या गिरण्या स्वस्तात सूत काढू लागल्या म्हणून मँचेस्टरच्या मालकांच्या पोटात दुखते आहे, त्यांना इथल्या मजुरांचा एकाएकी कळवळा आला आहे तो त्यामुळेच, असे बहुतेक देशी पत्रांनी लिहिले. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रेही कारखान्यांच्या कायद्याच्या विरोधात उभी राहिली.

हा संशय खोटा होता काय? नव्हता. १८८२ साली विलायती कापडावरची आयात जकात उठवली गेली. पैशाच्या अडचणीपायी १८९४ मध्ये ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा लँकेशायरच्या आग्रहास्तव इथल्या सुतावरही कर आला. १८९६ साली तर विलायती कापडावर साडेतीन टक्के आणि इथल्या गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के असा 'समतोल' साधण्यात आला. तो कर जवळजवळ तीस वर्षे टिकला. तेव्हा मँचेस्टरचा हेतू ओळखणारा वाचक भोळा नव्हता. तो बातमी नीट वाचत होता.

पण त्याचे वाचन तिथेच थांबत होते. सांगणाऱ्याचा हेतू शुद्ध नाही, म्हणून सांगितलेली गोष्ट खोटी, असा उडता निष्कर्ष त्यातून निघत होता. आठ वर्षांचे मूल नऊ तास यंत्रापाशी उभे राहते हे खरे की नाही, याचा मँचेस्टरच्या हेतूशी काही संबंध नाही. ते मोजायचे तर गिरणीच्या दारात घड्याळ घेऊन उभे राहावे लागते.

तसे उभे राहणारे एक पत्र मराठीत होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधु' सुरू केले. १८८० पासून ते मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे चालवू लागले. लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. मुंबईतल्या एका गिरणीत त्यांनी नोकरी केलेली होती, त्यामुळे आतले काम त्यांना ठाऊक होते. १८८४ साली मुंबई सरकारने कायद्याचा विचार करायला नवा आयोग नेमला, तेव्हा लोखंड्यांनी २३ आणि २६ सप्टेंबरला परळ भागात कामगारांच्या सभा भरवल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या अशा: रविवारी सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विसावा असावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, आणि कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार व कायमचा अधू झाल्यास पोटगी मिळावी.

यात मँचेस्टरचे काहीच नाही. ही माणसे स्वतःच्या दिवसाचे तास मोजून मागत होती. देशात साक्षर माणसे किती होती हेही ध्यानात घेऊ. १९०१ च्या जनगणनेतसुद्धा शंभरात पाचच्या आसपास. वर्तमानपत्र एक वाचणार, बाकीचे ऐकणार. सह्यांतले बरेचसे अंगठेच असतील. पण हे ऐकणारे वाचक बातमी ऐकून 'आपल्याला काय त्याचे' म्हणत उठून गेले नाहीत.

त्याच आयोगापुढे जिनिंगचीही कहाणी आली. खानदेशातल्या जिनिंगबद्दलच्या साक्षीत असे निघाले, की भर हंगामात तीच ती माणसे, बायका आणि पुरुष, ओळीने आठ-आठ दिवस रात्रंदिवस कामावर ठेवली जातात. ही माहिती देणारा कोणी चळवळ्या नव्हता, जिनाच्या कारभारातलाच माणूस होता. साऱ्या पत्रांचे लक्ष मुंबई आणि मँचेस्टर यांच्या भांडणाकडे होते. खानदेश-वऱ्हाडातल्या रेच्यापाशी पेंगणारी बाई त्या भांडणात कुठेच नव्हती.

रात्रीचे जिनिंग

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली. दोन स्त्री कामगारांनी त्या सभेत भाषणे केली. मालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली आणि १० जून १८९० पासून रविवार हा गिरणीच्या सुट्टीचा दिवस झाला. आज शाळेची घंटा रविवारी वाजत नाही, त्यामागची ही एक कडी आहे. त्याच वर्षीच्या कारखाना आयोगाच्या मुंबईतल्या कामात लोखंड्यांना सहभागी करून घेतले गेले. १८९१ साली कायदा सुधारला. मर्यादा शंभराची पन्नास झाली आणि प्रांतिक सरकारांना ती वीसपर्यंत खाली आणण्याची मुभा मिळाली. मुलाचे किमान वय नऊ झाले, बायकांसाठी दिवसाला अकरा तासांची मर्यादा आली, साप्ताहिक सुट्टी आली. १८९७ च्या प्लेगमध्ये लोखंडे वारले. जायबंदी कामगाराच्या भरपाईची त्यांची मागणी कायद्यात यायला १९२३ साल उजाडले.

जिनिंगचे काय झाले? १९०८ च्या कारखाना कामगार आयोगाने नोंद केली, की घाईच्या दिवसांत जिनांमध्ये सतरा-अठरा तास काम चालते. कायदा होऊन सत्तावीस वर्षे झाली होती! कारणे उघड होती. बऱ्याच जिल्ह्यांत तपासणीचे काम जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडेच जादा म्हणून दिलेले असे. त्यांचा इतर व्याप मोठा आणि कारखान्यांची माहिती बेताची. खटला झालाच तर दंड इतका किरकोळ, की तो खर्चाच्या एका रकान्यात बसून जाई. १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही कामगार आयोगानेही अपुऱ्या दंडांबद्दल नापसंती दाखवली आहे.

१९११ च्या कायद्याने चार महिन्यांचे छिद्र बुजवले, हंगामी कारखानेही कायद्याखाली आले. याच कायद्याने बायकांना रात्री कामावर ठेवण्यास बंदी केली. पण एक अपवाद ठेवला. तो म्हणजे जिनिंग आणि प्रेसिंग. जिथे बायका सर्वांत जास्त रात्री जागत होत्या नेमका तोच धंदा वगळला गेला. हा अपवाद जायला १९२२ साल यावे लागले. त्या वर्षी वीस माणसांपर्यंतचे कारखाने कायद्यात आले, दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तासांची मर्यादा सर्व मोठ्या माणसांना लागू झाली. १९३४ च्या कायद्यात हंगामी कारखान्यांना तासांची सवलत पुन्हा वेगळी ठेवली गेली. हंगामी आणि बारमाही हा भेद स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने संपवला. यंत्रशक्ती असेल तर दहा माणसे आणि नसेल तर वीस, अशी मर्यादा ठरली.

शंभर, पन्नास, वीस, दहा. हे चार आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिले आणि समोर १८८१, १८९१, १९२२, १९४८ ही साले लिहिली, तर सदुसष्ट वर्षांचा इतिहास एका तक्त्यात मावतो. 'काही होत नाही' या पहिल्या वाक्याला हा तक्ता उत्तर देतो. होते, पण एका बातमीत होत नाही.

मालक म्हणजे कोण?

दुसरे वाक्य पैशाचे. त्याचे उत्तर इतके सरळ नाही. जिनांची संख्या गरजेपेक्षा जास्त झाली तेव्हा मालकांनी एकत्र येऊन 'पूल' केले. सर्वांनी मिळून वटणावळीचा एकच दर ठरवायचा, काही जिने चालू ठेवायची, बाकीची बंद, आणि नफा सर्वांत वाटायचा. म्हणजे बंद जिनाच्या मालकालाही पैसे मिळत. ते येत शेतकऱ्याच्या खिशातून. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस नेमलेल्या कापूस समितीने हा प्रकार तपासला. १९२५ साली कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. त्याने प्रत्येक गाठीवर अनुक्रमांक आणि ती दाबणाऱ्या प्रेसची ठरलेली खूण असणे सक्तीचे केले. गाठ कुठेही फोडली आणि आत ओला किंवा भेसळीचा कापूस निघाला, तर खुणेवरून कारखाना सापडावा, हा हेतू. जबाबदारी ठरवण्याचे हे तंत्र साधे आणि नामी आहे. वस्तूवर नाव लिहा, म्हणजे 'मला काय माहीत' म्हणता येणार नाही.

गाठीवर नाव लिहिता आले, पण अपघातावर कोणाचे नाव लिहायचे? पट्ट्यात हात गेला तर जबाबदार कोण? पट्टा चालवणारा मिस्त्री, व्यवस्थापक, की दूर गावी पेढीवर बसलेला शेठ? १९४८ च्या कायद्यात 'भोगवटादार' हा शब्द आहे. कारखान्याच्या कारभारावर ज्याचा अखेरचा ताबा तो भोगवटादार. कंपन्यांनी वाट काढली. एखाद्या पगारी अधिकाऱ्याचे नाव भोगवटादार म्हणून कळवायचे, म्हणजे खटला त्याच्यावर. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८७ साली कायदा बदलला. कंपनीचा कारखाना असेल तर तिच्या संचालकांपैकीच एक जण भोगवटादार मानला जाईल, असे ठरले. कंपन्या न्यायालयात गेल्या, पण १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद उचलून धरली.

भोपाळच्या खटल्यात मात्र २०१० साली सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली, आणि मूळ अमेरिकन कंपनीचे त्या वेळचे प्रमुख वॉरन अँडरसन इथल्या न्यायालयापुढे कधीच उभे राहिले नाहीत. २०१४ साली ते वारले. मागच्या रांगेतल्या मुलाचे म्हणणे इथे खरे ठरते, हे आपण मुलांपासून लपवू नये. कायदा पुढच्यांसाठी बदलला, पण ज्यांच्यामुळे बदलला त्यांना पुरता न्याय मिळाला नाही.

वर्ध्याने या प्रश्नाला एक वेगळेही उत्तर देऊन पाहिले. १९३४ च्या अखेरीस इथे गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. यंत्र इतके लहान असावे, की त्याचा मालक आणि ते चालवणारा एकच असेल, आणि श्रीमंताने आपल्या धनाचा विश्वस्त व्हावे, हा त्यामागचा विचार. मालकाच्या सदसद्विवेकावर त्यात मोठा भरवसा होता. तो विचार थोर आहे. पण वर सांगितलेल्या तक्त्यातला एकही आकडा मालकाच्या विवेकाने आपणहून खाली आलेला नाही, हेही इतिहास सांगतो. विवेक असलेल्या मालकाला कायद्याचा त्रास होत नाही, आणि नसलेल्यासाठी तो लागतो.

पुन्हा चाळणी

हा सगळा जुना इतिहास झाला, असे म्हणून पुस्तक मिटता येत नाही. व्यवसाय सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात कारखान्याची मर्यादा यंत्रशक्ती असेल तर वीस आणि नसेल तर चाळीस माणसांची आहे. १९४८ नंतर प्रथमच देशाच्या कायद्यातला हा आकडा खाली येण्याऐवजी वर गेला. लहान कारखानदाराचा कागदपत्रांचा जाच कमी होईल, असे समर्थक सांगतात. बारा-पंधरा माणसांच्या जागेवरचे संरक्षण कमी होईल, असे विरोधक सांगतात. आपण कोणत्याही बाजूचे असू, चाळणीचे छिद्र मोठे झाले की खाली काय पडते ते मोजायला हवे.

आणि संगणकाच्या मालकांचे काय? तिथेही भांडण व्याख्येचेच आहे. मोबाइलवरून काम घेऊन घरोघर सामान पोचवणारा तरुण कंपनीचा कामगार की 'भागीदार'? लंडनमधल्या टॅक्सीचालकांच्या खटल्यात २०२१ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उबर कंपनीचे चालक हे कामगारच आहेत, करारात काहीही लिहिलेले असो. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमानुसार, दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल मध्यस्थ कंपनीवर काही अटींवर जबाबदारी येत नाही. ती आपल्या जागेची मालक की नुसती पोचवणारी, हा प्रश्न 'भोगवटादार कोण' या प्रश्नाच्याच घरातला आहे.

तिसऱ्या मुलाचे वाक्य आम्ही शेवटी ठेवले, कारण ते सर्वांत हुशार आहे आणि सर्वांत धोक्याचेही. बोलावणाऱ्यांचाही काही फायदा असेल, हे त्याचे म्हणणे बरोबर असू शकते. १८८१ च्या वाचकाचेही बरोबर होते. पण त्या बरोबर उत्तरावर समाधान मानून तो थांबला आणि रेच्यापाशी बसलेली बाई आणखी एकेचाळीस वर्षे रात्री जागत राहिली. हेतू ओळखणे ही वाचनाची पहिली पायरी आहे. दुसरी पायरी आकडे मोजण्याची.

वर्गात हे करून पाहता येईल. कायद्याची किंवा खटल्याची कोणतीही एक बातमी घ्या. मुलांना चार प्रश्न द्या. हे सांगण्यात कोणाचा फायदा आहे? तो बाजूला ठेवला तर सांगितलेले खरे आहे का, आणि ते कसे तपासायचे? कायद्याच्या व्याख्येत कोण बसते आणि कोण निसटते? शिक्षा झालीच तर ती कोणाच्या नावावर लागेल? हंगाम असेल तर जवळच्या जिनिंगमध्ये परवानगी घेऊन मुलांना न्या. गाठीवरची खूण आणि अनुक्रमांक वाचायला लावा. रेच्याची पाती कशी चालतात ते पाहू द्या. किती माणसे आहेत, किती तास आहेत, किती महिने काम चालते हे विचारू द्या.

आम्ही त्या शाळेत पुन्हा गेलो तेव्हा फळ्याच्या कोपऱ्यात चार आकडे आणि चार साले लिहून दिली. मागच्या रांगेतला तोच मुलगा बराच वेळ पाहत होता. मग त्याने विचारले, "पण गुरुजी, शंभरच का म्हणे? नव्याण्णव माणसायनं काय घोडं मारलं होतं?" याच प्रश्नाची आम्ही वाट पाहत होतो.